खिळ्यावरचा नमुना

माझ्या मेहुण्याकडे स्वतःच्या मालकीच्या दोनच वस्तू होत्या. एक कोट, आणि कोटाच्या आतल्या खिशात घडी करून ठेवलेला एक कागद. कागदावर दर वेळी नवी योजना असायची. योजनेला लागणारं बाकी सगळं, म्हणजे जागा, वीज, माणसं आणि दोन वेळचं जेवण, तो जिथे जाईल तिथलं.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. विषाणूचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो आणि दरवर्षी मी फळ्यावर तेच लिहितो. बाहेर प्रथिनांचं कवच, आत सूचनांची एक लांबलचक चिठ्ठी. झालं. पोट नाही, हातपाय नाहीत, स्वतःची चूल नाही. एकटा असला तर नुसता पडून असतो, खात नाही, वाढत नाही. पण जमणारी पेशी सापडली की आत शिरतो, आपली चिठ्ठी तिच्या कारखान्यात सोडतो, आणि मग ती बिचारी स्वतःची कामं टाकून त्याच्याच प्रती काढत बसते. हे सांगून झालं की पहिल्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "सर, मग तो जिवंत असतो की नसतो?" इतकी वर्षं मी "यावर मतभेद आहेत" असं सांगत आलो. मेहुणा राहायला आल्यापासून "थांबा, घरी जाऊन बघून येतो" असं अगदी ओठांवर यायचं.

तो आमच्याकडेच का आला, यालाही शास्त्रीय कारण होतं. विषाणू वाटेल त्या पेशीत शिरू शकत नाही. त्याच्या अंगावरचे काटे पेशीच्या दाराला किल्लीसारखे बसावे लागतात. स्वतःच्या मोठ्या भावाच्या दाराशी मेहुणा दोनदा जाऊन आला होता. तिथे वहिनीने साखळीआडून "हे घरी नाहीत" म्हणून सांगितलं, आणि ती सांगत असताना 'हे' आत खोकत होते. मग तो आमच्या दारात येऊन म्हणाला, "ताई, किती वाळलीस गं!"

माझी बायको कुठल्याही बाजूने पाहिलं तरी वाळलेली नाही. पण हे वाक्य तिच्या कुलपाला बरोबर बसतं. दार उघडलं.

त्याला काढायचं कसं, हा प्रश्न मी बरेच दिवस एकट्याने सोडवत होतो. आमच्या वरच्या खोलीत एकदा एक भाडेकरू चिकटून बसला होता. पण तो जिवाणूच्या जातीचा. त्याची स्वतःची शेगडी होती, स्वतःचा नळ होता, स्वतःचे उद्योग होते. मी नळ दुरुस्तीला काढला, आणि तो आपणहून गेला. अँटिबायोटिक हेच करतं, जिवाणूच्या स्वतःच्या संसारावर घाव घालतं. मेहुण्याचा नळ कुठला तोडणार? तो माझ्याच नळाचं पाणी पीत होता. तोडला तर माझीच अंघोळ राहणार.

"पाठचा भाऊ आहे माझ्या," बायको म्हणायची. "जाईल आपला आपण."

"जाण्याबद्दल शंका नाही," मी म्हणायचो. "जाताना काय करून जाईल, एवढंच."

आमच्या घराखाली बायकोचा कारखाना आहे. खुर्च्या, सोफे, दवाखान्यातली बाकं यांना नवं कापड चढवायचं काम. कारखाना म्हणजे शिवणाची दोन मशीन, कापायचं एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले फोमचे थर, आणि डिंकाचा एक वास, जो आमच्या घरात सासूबाईंच्या फोटोइतकाच कायमचा आहे. कापायला मास्तर, आणि मशीनवर दोघी जावा, थोरली आणि धाकटी. दोघींचं घरी पटत नाही, म्हणून त्या कामावर बोलतात.

टेबलाच्या वर भिंतीत एक खिळा आहे. ज्या आकाराचे तुकडे कापायचे, त्याचा पुठ्ठ्याचा नमुना बायको तिथे अडकवते. नियम असा, की खिळ्यावर जो नमुना तो कापायचा, टेबलाशी जो तागा त्यातून कापायचा, आणि विचार करायचा नाही. नियमाला इतिहास आहे. पूर्वी मास्तर विचार करायचे. दातांच्या एका डॉक्टरच्या सोफ्याला त्यांनी विचार करून मधोमध तिसरा हात बसवला होता. "मध्ये बसणाऱ्याने हात कुठे ठेवायचा?" असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता, पण सोफा परत आला. तेव्हापासून डोकं बायकोचं आणि हात मास्तरांचे, अशी वाटणी झाली.

पेशीतही अगदी असंच चालतं. आलेली चिठ्ठी कोणाची, हे तिथली यंत्रं विचारत नाहीत. वाचायचं आणि बनवायचं. मी हे एकदा बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"बघा," ती म्हणाली, "पेशीलासुद्धा कळतं. तुम्हाला एक गॅस बंद करायला सांगितला तर तुम्ही कारण विचारता."

त्या सुमारास शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांना मरून मखमल चढवायचं काम तिला मिळालं. नाट्यगृहात दरवर्षी काही ना काही फाटतच असतं. हे काम वेळेवर उतरलं तर पुढची सगळी फाटाफाट आमची, नाहीतर समोरच्याची. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा गादीवाला. त्याला नाव आहे, पण आमच्या घरात ते घेत नाहीत. काम आपल्यालाच मिळणार अशी त्याची इतकी खात्री होती की त्याने मखमल आधीच आणून ठेवली होती, आणि आता तो ती रोज दारात झटकायचा, आमच्या बाजूला तोंड करून.

"हे काम हातचं गेलं ना," बायको म्हणाली, "तर मी कारखाना बंद करून दिवसभर घरात बसेन. तुमच्याकडे लक्ष द्यायला मला कधी सवडच झालेली नाही."

तेव्हा मलाही परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

मेहुणा एवढा वेळ सोफ्यावर पडून होता. काही विषाणू आत शिरल्यावर लगेच काही करत नाहीत, गपचूप दबा धरून राहतात. एका सकाळी तो उठून बसला.

"भाऊजी, विज्ञान केंद्राने मला काम दिलंय. विषाणूचं मॉडेल. मऊ पाहिजे, लहान मुलांना हाताळता येईल असं."

"तुलाच का?"

"त्यांना म्हणे माझ्याशी बोलल्यावर खात्री पटली."

"माणसं हुशार आहेत," मी म्हणालो.

मग मी त्याला कागदावर काढून दाखवलं. वीस सारखे त्रिकोण एकमेकांना जोडले की जवळजवळ गोल असा एक बंद डबा तयार होतो. बऱ्याच विषाणूंचं कवच याच घडणीचं असतं. चिठ्ठी छोटी, त्यात सतरा प्रकारच्या तुकड्यांची वर्णनं कुठे मावणार? एकच तुकडा सांगायचा आणि 'हाच पुन्हा पुन्हा' म्हणायचं.

"म्हणजे आळशीपणा," मेहुणा आदराने म्हणाला.

"काटकसर. आता या बारा टोकांवर काटे."

"काटे नकोत, पोरांना टोचतील. बटणं लावू, सोफ्याला लावतात तशी. आणि आत?"

"आत फक्त सूचना. आपल्यासारखा आणखी एक कसा बनवायचा, याच्या."

"म्हणजे मी हा जो आराखडा काढतोय, त्याचीच एक प्रत आत घालायची?"

"अगदी बरोबर."

"भाऊजी, किती सोपं आहे हो! मला आयुष्यात हे कधी सुचलं नाही."

"सुचलंय तुला," मी म्हणालो. "कापडात केलं नव्हतंस, इतकंच."

कारखान्यातल्या उरल्यासुरल्या करड्या कापडातून त्याने पहिला गोळा केला. फोम आमचा, दोरा आमचा, शिलाई धाकटीची. बटणं अकराच भरली, तेव्हा बारावं त्याने स्वतःच्या कोटाचं तोडून लावलं. आमच्या घरात त्याने केलेला हा पहिला खर्च. बायकोला भरून आलं.

मोठ्या मेहुण्याच्या, म्हणजे साखळीआड खोकणाऱ्याच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून आम्ही दोघं एका रात्रीसाठी परगावी गेलो. निघताना बायकोने खुर्चीचा नमुना खिळ्यावर अडकवला, मखमलीचे तागे आणि खुर्च्यांसाठी आणलेली बटणांची नवी खोकी टेबलाशी लावून ठेवली आणि भावाला बजावलं, "कारखान्यात कशाला हात लावायचा नाही."

"नाही गं ताई."

त्याने शब्द पाळला. कशालाच हात लावला नाही. फक्त त्याचा त्रिकोणी नमुना इस्त्रीच्या वाफेने वाकडा झाला होता, तो सरळ व्हावा म्हणून त्याने आराखड्याच्या कागदासकट भिंतीवर टांगून ठेवला. भिंतीवर एकच खिळा होता. मग तो वर येऊन झोपला.

विषाणू दुष्ट असतो असा एक गैरसमज आहे. दुष्टपणा करायला जी यंत्रसामग्री लागते, तीसुद्धा त्याच्याकडे नसते.

आम्ही परत आलो तेव्हा भर दुपारी कारखान्याचं शटर बंद होतं आणि आतून मशीनचा आवाज येत होता.

"शटर का ओढलंय यांनी?" म्हणत बायकोने ते खालून धरलं आणि एका झटक्यात वर केलं.

आधी एक गोळा बाहेर आला. मरून मखमलीचा, डोक्यापेक्षा थोडा मोठा, बाराही टोकांवर चकचकीत बटणं. तो बायकोच्या पायाशी थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागचे सगळे आले.

आमच्या रस्त्याला समोरच्याच्या दुकानाकडे उतार आहे. गोळे वीस बाजूंचे असल्यामुळे सरळ न घरंगळता, प्रत्येक बाजूवर क्षणभर विचार करून, टपटपटप उतरत गेले. एक न्हाव्याच्या दुकानात शिरला. एक किल्ल्या बनवणाऱ्याच्या खोक्याला जाऊन धडकला. एका मोटारीने करकचून ब्रेक मारला आणि आतल्या माणसाने काच खाली करून, शिवी द्यायची कोणाला हे न समजल्यामुळे, पुन्हा वर केली.

बायको आत गेली. आत आणखी ढीग होता. मास्तर कापत होते, थोरली जोडत होती, धाकटी बिलांच्या प्रती काढायच्या यंत्रावर आराखड्याच्या प्रती काढत होती.

"मास्तर," बायको हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलते तेव्हा मी खिडकीजवळ उभा राहतो. "हे काय आहे?"

"खिळ्यावर होतं ते," मास्तर म्हणाले.

"नाट्यगृहाच्या खुर्च्या करायच्या होत्या आपल्याला!"

"मला आलं होतं मनात. पण बाई, तुम्हीच म्हणालात विचार करायचा नाही. म्हटलं, नाटकवाले आहेत, बसत असतील कशावरही."

"आणि किती करायचे याला काही सुमार?"

मास्तरांनी आराखडा पुढे केला. बायकोच्या नमुन्यांवर कोपऱ्यात नगांचा आकडा असतो. इथे शेवटची ओळ होती, 'आत या सूचनांची एक प्रत घालून शिवून टाकावे, आणि पुन्हा पहिल्यापासून.'

"थांबा असं कुठेच नाही," मास्तर म्हणाले. "दोनदा वाचलं मी."

"मला तर सकाळीच शंका आली होती," धाकटी म्हणाली.

"तुला शंका आली की तू सांगतेस होय?" थोरली म्हणाली. "घरीसुद्धा दूध उतू गेल्यावर सांगतेस."

तेवढ्यात जिन्यावरून मेहुणा उतरला. अंगात कोट होताच.

"तू बघितलं नव्हतंस हे?" बायकोने विचारलं.

"बघितलं ना. सकाळी आलो होतो खाली. इतकं मन लावून चाललं होतं सगळ्यांचं, म्हटलं, मध्ये कशाला बोलायचं." त्याने एक गोळा उचलून उलटासुलटा केला. "माझ्या पहिल्यापेक्षा सफाईदार झालेत, ताई."

बायको जवळच्या गोळ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तिने तोंड झाकून घेतलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला कामाच्या वेळी बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"बसायला बरा आहे की," थोरली तिची समजूत काढायला म्हणाली.

रस्त्यावरचे गोळे आम्ही गोळा करून आणले. न्हाव्याने त्याचा परत दिला नाही. एक रडणारं गिऱ्हाईक त्यावर बसून गप्प झालं होतं. समोरचा दुकानाच्या पायरीवर पाय फाकवून, मागचं काही दिसू नये अशा बेताने उभा होता.

"इकडे काहीच आलं नाही हो, सर," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला.

नाट्यगृहाचे मॅनेजर दोन दिवसांनी पहिल्या रांगा बघायला येणार होते. मखमलीचे दोनच तागे अखंड उरले होते, तेवढ्यात पुढच्या रांगा निघाल्या असत्या. बाकी सगळे त्रिकोण. बायकोने भावाला टेबलाशी बसवलं, हातात उसवायची सुई दिली, आणि "एक एक टाका" एवढंच सांगितलं. तो उसवत बसला. आतल्या प्रती काढून, घडी घालून, खिशात ठेवत होता. मास्तर खुर्च्या कापत होते आणि दर तुकड्याला बायकोकडे बघून "हेच ना?" म्हणून विचारत होते.

समोरच्याचं शटर मात्र दोन दिवस अर्धं खाली होतं आणि आतून मशीनचा धडाका चालू होता.

"याला कुठलं एवढं काम लागलंय?" बायको म्हणाली. "माझ्या पाठीमागून नाट्यगृहात जाऊन तर आला नाही ना?"

मॅनेजर आले. त्यांनी कोपऱ्यातला न उसवलेला ढीग पाहिला, त्रिकोणांच्या थप्प्या पाहिल्या, आणि चष्मा काढून पुसला.

"माझ्या खुर्च्या कुठे आहेत?"

"पहिल्या दोन रांगा तयार आहेत," बायको म्हणाली. "बाकीच्या होतील."

"यातून? या चिंध्यांमधून?" मॅनेजर उखडले. "बाई, उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्यात मी. समोरच्याकडे मखमल तयार आहे, तो रोज मला फोन करून सांगतो. मी जातो त्याच्याकडेच."

बायकोने त्यांना अडवलं नाही. ती खिडकीशी येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि तिने माझी बाही धरली. मॅनेजर तावातावाने रस्ता ओलांडून गेले. वाकून अर्ध्या शटरखालून आत शिरले.

बराच वेळ काही झालं नाही.

मग शटर वर गेलं, आणि उंबऱ्यातून एक मरून गोळा बाहेर आला. त्याच्या मागून दुसरा. त्यांच्या मधून, पाय उचलून उचलून टाकत, हातात तिसरा गोळा घेऊन मॅनेजर परत आले. मागून समोरचा ओरडत होता, "अहो साहेब, तुम्हीच डिझाइन बदललंत ना? आत लेखी सूचना आहेत!"

त्याचं काय झालं, ते मला तेव्हाच उलगडलं. पायाशी आलेला गोळा त्याने उसवला, आत सविस्तर आराखडा निघाला. नाट्यगृहाने खुर्च्या रद्द करून हे मागवलंय आणि आमच्याकडून लपवलं जातंय, अशी त्याने समजूत करून घेतली, आणि आमच्या आधी माल पोचवायचा म्हणून सगळी मखमल कापून काढली. न्हाव्याकडे गेलेल्या गोळ्यातही तेच लिहिलेलं होतं. पण न्हाव्याकडे ना मशीन, ना मखमल, ना आमच्याबद्दल आकस. तिथे तो नुसता गोळा राहिला. यजमान जमणारा मिळावा लागतो.

मॅनेजर बसले. गोळ्यावरच बसले, हाताशी दुसरं काही नव्हतं.

"आता शहरात अख्खी मखमल कोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन रांगांपुरती माझ्याकडे होती, ती लागली," बायको म्हणाली. माझी बाही तिने सोडली होती. "मागच्या रांगांना हेच त्रिकोण जोडून लावते. शिवण मी स्वतः बघेन, एक सुरकुती येणार नाही."

"पण दिसेल ना ते!"

"कोणाला? दिवे गेल्यावर?"

"आधी दिसेल. रिकाम्या खुर्च्यांवर दिसेल."

"रिकाम्या खुर्च्या दिसू द्यायच्या नाहीत," बायको म्हणाली. "ते तुमचं काम."

मॅनेजरांनी बसल्या जागी जरा मागेपुढे डुलून पाहिलं. "फोम हाच घालणार?"

"हाच."

"बघा मग," ते म्हणाले.

खुर्च्या वेळेवर गेल्या. मागच्या रांगेत मी स्वतः बसून आलो. नाटक कंटाळवाणं होतं, त्यामुळे त्रिकोण मोजायला भरपूर वेळ मिळाला. एका पाठीला वीस नव्हते, एवढं समाधान. नाट्यगृहाची फाटाफाट तेव्हापासून आमच्याकडे येते.

समोरच्याकडे ढीग पडला होता. मेहुण्याने करडा गोळा विज्ञान केंद्रात पोचवला आणि परत येताना थेट समोर गेला. केंद्राला मुलांना बसायला आणखी गोळे हवेत, तुमचे मी तिथे खपवून देतो, असं त्याने समोरच्याला सांगितलं. दारात समोरच्याची बायको उभी होती. तिला तो काय म्हणाला हे मला ऐकू आलं नाही, पण दार उघडलं. त्याच दिवशी तो कोटासह तिकडे राहायला गेला.

आमच्या कारखान्यात आता नवा नियम आहे. बायकोने सगळ्या नमुन्यांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घातलाय. लाल टाका असला तरच कापायचं, नाहीतर मास्तरांनी कात्री खाली ठेवून तिला हाक मारायची. शरीरही हेच शिकतं, एकदा पोळलं की ओळख ठेवतं. मी वर्गात हल्ली हे उदाहरण देतो. मास्तर दारावरसुद्धा इतके कडक झालेत की परवा त्यांनी मलाच थांबवलं.

काल संध्याकाळी ते रस्त्यापलीकडे पाहून म्हणाले, "सर, ते तुमचे मेहुणे सारखे इकडे बघून हसतायत."

मी पाहिलं. समोरच्याच्या पायरीवर मेहुणा उभा होता. हातात आमच्या घरचा डबा, धुऊन पुसून परत द्यायला आणलेला. कोटाची बटणं बऱ्याच दिवसांनी पूर्ण होती.

तो रस्ता ओलांडून आला. मास्तर त्याला अडवायला पुढे झाले, त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, आणि बाजूला झाले.

"अहो मास्तर, आत का सोडलंत त्याला?" मी विचारलं.

"टाका आहे की," मास्तर म्हणाले.

नवं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं.